शेण झाकल्याच्या आरोपाबाबत

तक्रारदार: मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्ज लिहिणे, राहणार नगर, भिंगारच्या रस्त्याकडील एका गल्लीत. जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती: माझी विहीणबाई, राहणार सोनई, तालुका नेवासे. साक्षीदार: माझी पत्नी, माझी एकुलती एक मुलगी, माझे व्याही, आणि शेजारचे निवृत्त हवालदार, ज्यांची साक्ष जपून घ्यावी, कारण ते नेहमी दोन्ही बाजूंनी बोलतात. घटनेचा काळ: ज्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला आणि निम्मा जिल्हा रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसला, तो. घटनेचे स्थळ: माझ्या घराची आतली खोली, आणि त्या खोलीचीही फक्त जमीन.

नावे लिहिलेली नाहीत. सर्व पक्षकार हयात आहेत व नात्यातले आहेत. आणि नात्यातल्या माणसाचे नाव एकदा कागदावर चढले की ते खोडता येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्यांनी समजायचे ते समजतील.

मी सातवीच्या परीक्षेला बसलो होतो. निकालाविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून मी इतकी वर्षे लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवली आहेत, की माझ्या हातचा अर्ज टेबलावर पडला तर कारकून मान वर करून बघतो, असे खुद्द कारकुनांनी मला सांगितले आहे. बांधाचे तंटे, वारसाच्या नोंदी, सिमेंटचे परवाने, विहिरीची भांडणे, यांपैकी कोणतीही गोष्ट मला नवी नाही. फक्त स्वतःच्या घरच्या जमिनीचा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता. तो सोनईहून आला.

मुलीला सातवा महिना लागला, तेव्हा तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायला मी गेलो. मला मुलगा नसल्यामुळे मुराळी म्हणून मीच जातो. व्याह्यांचे घर उसाच्या पैशाने नुकतेच नवे झाले होते. बैठकीत मोझेकची फरशी घातलेली होती, पांढऱ्यावर तांबडे-काळे दाणे, आणि वैशाखातही पायाला गार लागणारी. डोहाळजेवण आदल्या दिवशीच झालेले होते. मुलीची पेटी भरून ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली. तेव्हा सगळे सुरळीत आहे असे मी धरून चाललो, आणि निघण्याची वेळ विचारली.

विहीणबाई माझ्यासमोर खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, हे मला नमूद केले पाहिजे. थोरल्या सुनेचे बाळंतपण आदल्या वर्षी तिच्या माहेरी झाले होते. मूल चांगले होते. आठवड्याच्या आत त्याचा जबडा मिटला आणि ते गेले. डॉक्टरांनी धनुर्वात सांगितला, आणि सांगताना बाळंतिणीच्या खोलीतल्या सारवलेल्या जमिनीकडे बोट केले.

"तवापासून म्या मनाशी धरलंय," विहीणबाई म्हणाल्या. "ह्या घरची सून शेणाच्या भुईवर बाळंत व्हायची न्हाई. तुमच्या घरची भुई बदला, पोर न्या. न्हाईतर बाळंतपण हितंच हुईल."

व्याही बोलले नाहीत. ते फारसे बोलत नाहीत. मी पुष्कळ मुद्दे मांडले. माझी पत्नी त्याच जमिनीवर बाळंत झाली, माझी मुलगी त्याच जमिनीवर रांगली, मी स्वतः तशाच जमिनीवर जन्मलो, हे सर्व मी क्रमाने सांगितले. विहीणबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि मग थोरल्या सुनेला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. तिला काही विचारले नाही आणि तिने काही सांगितले नाही. तिच्याकडे पाहिल्यावर माझे मुद्दे संपले.

निघताना मुलगी ओट्यापर्यंत आली. "दादा, येवढं करा," ती हळू म्हणाली. "मला आईकडं यायचंय. हितं समदी चांगली हायेत, पन मला लई भ्या वाटतं."

आठव्या महिन्यात पोटुशी बाईला गावाहून गावाला हलवीत नाहीत. तेव्हा सातवा संपायच्या आत जमीन बदलायची, विहीणबाईंनी स्वतः येऊन ती बघायची, आणि पसंत पडली तर मुलीला ठेवून जायचे, असे ठरले. एस.टी.त बसल्यावर मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागलो, आणि घोडेगावच्या पुढे मोजणे सोडून दिले.

घरी पत्नीला हे सांगताच तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, की शहाबादी फरशी घालायची. ती पाथर्डीच्या बाजूची आहे. तिच्या माहेरी देवळाला शहाबादी आहे, आणि तिच्या मनात पक्क्या जमिनीचे रूप तेवढेच. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. दगड तो दगड. पण गवंड्याला बोलावले, तेव्हा त्याने खोली पाहून सांगितले, की आधी जुनी भुई खणून काढायची, मुरूम भरून ठोकायचा, मग चुन्या-सिमेंटात फरशी बसवायची, फरश्यांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरायच्या, आणि त्यानंतर आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. पाणी मारले नाही तर दर्जा उघडतात, फरशी हलते, आणि तिच्याखाली विंचवाला आयते घर मिळते. हे सांगून तो आमच्या दाराशी ठेवलेल्या रिकाम्या हंड्यांकडे बघत राहिला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येत असे, आणि कधी तोही येत नसे. माणशी एक हंडा मिळाला तर बायका टँकरवाल्याला आशीर्वाद देत.

"पानी मी आनते," पत्नी म्हणाली. "कुठनं बी आनते."

मी तिला म्हणालो, की कुठून ते सांग. लष्कराच्या छावणीतल्या नळावर बाहेरच्या माणसाला उभे करत नव्हते.

अशा वेळी शेजारचे हवालदार आले. ते फौजेच्या भांडारखात्यातून निवृत्त झाले असून छावणीत काय विकायला निघते हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळते. त्यांनी सांगितले, की अधिकाऱ्यांच्या जेवणघरातली लिनोलियमची जमीन काढून लिलावात टाकली आहे. लिनोलियम म्हणजे जाड, गुळगुळीत, रंगीत अशी गुंडाळता येणारी जमीन. सतरंजीसारखी अंथरायची, कडा चिकटवायच्या, ओल्या फडक्याने पुसायची. खणणे नाही, चुना नाही, पाणी नाही. एका सकाळचे काम. "साहेब लोकांचं जेवण सांडून सांडून काय झालं न्हाई तिला," हवालदार म्हणाले. "तुमच्या नातवाचं काय हुतंय."

पुढचे तीन दिवस आमच्या घरात फरशी आणि लिनोलियम हे दोनच विषय होते. मी माझ्या पद्धतीप्रमाणे दोन्ही बाजू मांडल्या. फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते हे मला मान्य होते. पण बाळंतपणाला पिढ्या लागत नाहीत. आणि फरशीचे काम निम्म्यावर असताना सातवा संपला असता, तर आमच्या हातात खणलेली खोली राहिली असती आणि मुलगी सोनईत. लिनोलियम किती टिकेल हे सांगता येत नव्हते, परंतु ते वेळेत होणार होते. खटल्याची तारीख पडलेली असताना पुरावा किती उत्तम आहे यापेक्षा तो तारखेला हजर आहे की नाही हे पाहावे लागते. हे मी पत्नीला समजावले. तिने एवढेच म्हटले, "वकीलसाहेब, तुमचं बोलनं पटतं. पर त्या मेनकापडावर माजा जीव बसत न्हाई." ती रागावली की मला वकीलसाहेब म्हणते.

निर्णय मी दिला. लिनोलियमचे भेंडोळे हातगाडीवरून घरी आले. हिरव्या जमिनीवर पिवळट चौकटी, एका टोकाला टेबलाच्या पायांचे खोल ठसे, पाठीमागे तरटासारखे विणलेले कापड. आणि वास असा, की जवसाचे तेल, फिनेल आणि बुटांचे पॉलिश एकत्र केलेले. पत्नीने भेंडोळ्याला हात लावला नाही. त्याच्यावरून किती बूट गेले असतील, हा तिचा पहिला प्रश्न होता. मग तिने त्यावर गोमूत्र शिंपडले आणि ते ओट्यावर उन्हात ठेवले.

आता जे सांगतो आहे त्यावर सर्व प्रकरण उभे आहे, म्हणून ते सावकाश सांगतो.

खोलीची जमीन सपाट नव्हती. उखळापाशी खड्डा होता, चुलीच्या बाजूला उतार होता. लिनोलियम अंथरायच्या आदल्या संध्याकाळी पत्नीने पांढरी माती कालवून खड्डे भरले आणि धोपटण्याने ठोकून जमीन एकसारखी केली. हे मीच सांगितले होते. त्यासाठी त्या दिवशीच्या टँकरचे पाणी गेले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पंचांगात सकाळचा मुहूर्त चांगला होता, आणि त्यापुढे त्या आठवड्यात दुसरा नव्हता. मी पहाटे आंघोळीऐवजी हातपाय पुसून घेतले आणि आत जाऊन पाहतो तो सगळी खोली सारवलेली. ताजी, हिरवट, बोटांच्या अर्धगोल फेऱ्यांनी भरलेली. कोपऱ्यात रांगोळीची चार बोटेही ओढलेली.

मी विचारले, की हे कशासाठी? तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काही विचित्र केले आहे. नवी वस्तू घरात येते, शुभ कामासाठी येते. तिला उघड्या, न सारवलेल्या भुईवर कसे टाकायचे? पाट मांडायचा तरी आपण आधी जागा सारवतो. खोलीत लेक बाळंत व्हायची आहे, आणि खालची जमीन पारोशी ठेवायची? हे तिने मला बोलून दाखवले नाही. तिच्या चेहऱ्यावरच ते होते. आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात वावगे वाटले नाही. आमच्यात कोणीही हेच केले असते. सोनईच्या घरातली मोझेक बसवण्याआधीही कोणी तरी त्या मुरमावर शेणसडा टाकला असेलच.

वैशाखाचे ऊन होते. दारे-खिडक्या उघडी ठेवली. मुहूर्ताच्या वेळेपर्यंत जमीन वरून वाळून फिकी पडली. हाताला ओल लागली नाही. हवालदारांनी आणि मी भेंडोळे सोडले, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरले, उंबऱ्यापाशी सुरीने कापले. कडा चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ केली होती. अर्जावर तिकिटे चिकटवण्यासाठी मी जी वापरतो तीच, फक्त पातेलेभर. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा खोली ओळखू येत नव्हती. हिरवी जमीन दिव्यात चमकत होती. पत्नी उंबऱ्यात उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग तिने पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि म्हणाली, "ग्वाड दिसतंय."

बाजाराला सोनईकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी निरोप पाठवला. तो निरोप शब्दशः असा होता: जमीन बदललेली आहे, घरात आता शेणाचा संबंध राहिलेला नाही, कधीही येऊन पाहावे. उलट निरोप आला की पुढच्या बुधवारी येतो, आणि पोरीला बरोबरच आणतो. पत्नीने त्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतले.

चौथ्या दिवशी खोलीत वास येऊ लागला. आधी आम्हांला उंदीर मेला असे वाटले. कणगीच्या मागे पाहिले, आढ्यावर पाहिले. पाचव्या दिवशी खोलीच्या मध्यावर लिनोलियम किंचित वर उचललेले दिसले. बोटाने दाबले की खाली बसे, बोट काढले की पुन्हा वर येई. हवालदार म्हणाले, उन्हाने फुगलंय, आपोआप बसेल. सहाव्या दिवशी तो फुगवटा ताटाएवढा झाला आणि दुसरा चुलीकडच्या बाजूला निघाला. पत्नीने एका कोपऱ्यापाशी नाक नेले आणि उठून माझ्याकडे पाहिले. ओल खाली अडकली होती. वरून वाळलेली जमीन आतून ओलीच होती, आणि आम्ही तिच्यावर झाकण घातले होते. शेण, माती, पिठाची खळ आणि तरट, यांचे खाली काय झाले असेल हे समजायला उचलून बघायची गरज नव्हती.

ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढा, उन्हात टाका, भुई वाळू द्या. मी म्हणालो, की कडा चिकटलेल्या आहेत, काढताना फाटेल. फाटले तर दुसरे नाही. आणि ते येणार उद्या. एका दिवसात भुई वाळणार नाही, आणि विहीणबाई येतील तेव्हा त्यांना काय दिसेल? उघडी, शेणाची, ओली जमीन. जे नको म्हणून सांगितले नेमके तेच. आम्ही संध्याकाळपर्यंत त्यावर वाद घातला. शेवटी मी माझी ट्रंक आणली आणि मधल्या फुगवट्यावर ठेवली. चुलीकडच्या फुगवट्यावर तिने न बोलता पाटा ठेवला. धुपाटण्यात ऊद टाकला. त्या रात्री आमच्या दोघांपैकी कोणीही त्या खोलीत झोपले नाही.

बुधवारी ते आले. व्याही, विहीणबाई आणि माझी मुलगी. व्याह्यांच्या हातात तिची पेटी होती. मुलगी दमलेली होती, पण घर दिसताच तिचा चेहरा खुलला, आणि आईने ओट्यावर येऊन तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेव्हा ती हसली. ते मी पाहिले आहे.

पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी दिले. अर्धाच तांब्या होता, पण दिला. विहीणबाई ओल्या पायांनी पहिल्यांदा आत गेल्या आणि दुसऱ्याच पावलाला त्यांचा पाय सरकला. त्यांनी दाराची चौकट धरली म्हणून पडल्या नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिले. माझी मुलगी त्यांच्या मागोमाग उंबऱ्याशी आलेली होती.

"तू भाईरच थांब," विहीणबाई म्हणाल्या.

मुलगी ओट्यावर बसली. हात पोटावर, नजर दाराकडे. मी दोघींच्या मध्ये उभा होतो, आणि मला दोन्हीकडचे दिसत होते.

विहीणबाईंनी पाय पदराने पुसले आणि खोलीभर फिरल्या. मी लिनोलियमविषयी माहिती देत होतो. ते साहेब लोकांच्या जेवणघरात होते, ओल्या फडक्याने पुसता येते, त्यात किडा राहत नाही. त्या ऐकत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. त्या वास घेत होत्या. उदाचा वास दाट होता, पण त्याच्याखाली दुसरा होताच. मग त्यांनी ट्रंकेकडे बोट केले आणि विचारले, की ही मधोमध का? मी सांगितले, की कागदपत्रे आहेत, जड आहे, हलवता येत नाही. व्याही इतका वेळ दारातच उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी ट्रंक एका हाताने बाजूला सरकवली.

खालचा फुगवटा झोपेतून कोणी उठावे तसा हळूहळू वर आला.

विहीणबाईंनी पायाच्या अंगठ्याने तो दाबला. मग त्या भिंतीपाशी गेल्या, खाली बसल्या, आणि चिकटलेली कड नखांनी सोडवून वर ओढली. कड सहज सुटली. पाठीमागच्या तरटावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती. तिच्याखाली शेण काळे पडलेले होते. वास खोलीभर झाला.

"अर्जाला तिकीट लावावं तशी भुईला चिकटवलीया," त्या म्हणाल्या. मग थांबून, "शेण न्हाई म्हनून निरोप धाडला, आन्‌ शेण झाकून ठिवलं."

माझी पत्नी पुढे झाली. ती रडत नव्हती. "विहीणबाई, म्या सारवलं," ती म्हणाली. "ह्यांचं न्हाई त्यात काय. लेकीची खोली. न सारवता कशी आथरू वर?"

यावर विहीणबाईंनी जे केले ते मी अपेक्षिले नव्हते. त्यांनी तिचा हात धरला. "तुला बोल न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी सारवलंच असतं. पर ह्यांनी ट्रंक ठिवली ना वर. ठिवली का न्हाई?"

प्रश्न मला होता. माझ्याजवळ त्याला उत्तर होते, पण ते लांबलचक होते आणि मला ते नेमके कोठून सुरू करावे हे समजेना.

ओट्यावरून मुलगी उठली. उंबरा तिने ओलांडला नाही. तिथूनच ती सासूला म्हणाली, "आत्या, मी नगरच्या दवाखान्यात बाळंत हुईन. हितं नगं. पर ऱ्हाते हितं."

"आन्‌ दवाखान्यातनं आल्यावर बाळ कुठं निजवशील?" विहीणबाईंनी विचारले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. मुलीने खोलीकडे पाहिले, आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी दुसऱ्यांच्या तोंडून निघालेली हजारो वाक्ये नीट करून दिली आहेत. त्या वेळी माझ्या मुलीला देण्यासाठी माझ्याजवळ एकही नव्हते.

पत्नीने ओट्यावरच तिची ओटी भरली. लाडवांचा डबा व्याह्यांच्या हातात दिला. दुपारच्या गाडीने तिघे परत गेले. मुलगी आमच्या घराच्या दारापर्यंत येऊन आत न येता गेली, ही गोष्ट मी कोणत्याही नोंदीत वाचली असती तर ती खरी मानली नसती.

ते गेल्यावर पत्नीने कड धरली आणि लिनोलियम ओढत गल्लीत नेऊन टाकले. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." हवालदारांनी ते पाहून सांगितले, की आपण सुरुवातीलाच म्हणालो होतो, फरशी बरी. तसे ते म्हणाले नव्हते.

आषाढात दिवस भरत आले, तेव्हा माझी पत्नी सोनईला गेली. पहिले मूल होईपर्यंत लेकीच्या घरचे अन्न आम्ही घेत नाही. तिने तिथल्या एका ओळखीच्या बाईच्या पडवीत मुक्काम केला, स्वतःची चूल मांडली, आणि रोज लेकीकडे जाऊन यायची. आमच्या कुळात कुठल्या आईने असे बाळंतपण केलेले नाही. मुलगी झाली. नात सुखरूप आहे, हे येथे नमूद करतो, आणि ते सर्वांत आधी नमूद करायला हवे होते. बारा दिवसांनी पत्नी परत आली, तेव्हा तिने बाळाचे वर्णन केले; नाक कसे, जावळ कसे. खोलीविषयी ती काही बोलली नाही. गौरी-गणपतीपर्यंत पाऊस चांगला झाला होता, विहिरींना पाणी आले होते. आम्ही शहाबादी फरशी घातली. दर्जा भरल्या, दहा दिवस पाणी मारले. जमीन काळसर निळी, गार आणि घट्ट आहे. पत्नी ती रोज पुसते. सारवण्याची गरज नसतानाही तिचा हात पुसताना अर्धगोलच फिरतो.

आता माझे म्हणणे.

आम्ही शेण सारवले, हे खरे. त्यावर लिनोलियम अंथरले, हे खरे. फुगवट्यावर ट्रंक ठेवली, हेही मी नाकारत नाही. तारखेच्या आदल्या दिवशी पुरावा बिघडल्यावर माणूस जे करतो ते मी केले. परंतु अंथरणे म्हणजे झाकणे नव्हे. ज्याने झाकले त्याच्या मनात आधी काही लपवायचे असते. माझी पत्नी पहाटे सारवत होती तेव्हा तिच्या मनात काय होते, हे विहीणबाईंनी स्वतः ओळखले आणि तिचा हात धरला. मग त्याच सारवणासाठी मला मात्र लबाड ठरवायचे, हा कोणता न्याय? निरोप पाठवला त्या दिवशी त्यातला प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता. तो तसा नव्हता हे मला सहाव्या दिवशी कळले. त्या दिवशी दुसरा निरोप पाठवता आला असता, असे कोणी म्हणेल. म्हणावे. त्या दिवशी माझी मुलगी पेटी भरून बसली होती, हे म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

विहीणबाईंच्या भीतीला मी कधीही खोटे म्हटलेले नाही. त्यांच्या दारात उभी राहिलेली ती थोरली सून माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. परंतु माझी नात वर्षाची होऊन गेली. ती चालू लागली आहे असे ऐकतो. आतापर्यंत तीन वेळा मुराळी म्हणून गेलो आणि तीन वेळा एकटा परत आलो. एकदा दात येत होते, एकदा ऊन होते, एकदा उसाची तोड चालू होती. फरशीविषयी त्यांनी विचारले नाही, आणि मी सांगितले तेव्हा "बरं झालं" एवढेच म्हणाल्या. मुलगी ओट्यापर्यंत येते आणि आईची विचारपूस करते. दर वेळी मी परत येतो तेव्हा पत्नी दारात असते, आणि माझ्या मागे कोणी आहे का ते पाहते.

विहीणबाईंना वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. जावयाने हे त्यांना वाचून दाखवावे, आणि वाचताना कोठेही गाळू नये.

सबब नम्र विनंती की, "शेण झाकून ठिवलं" हे शब्द, जे माझ्या घरात, माझ्या पत्नीसमोर व माझी मुलगी ऐकत असताना उच्चारले गेले, ते मागे घेण्यात यावेत. आणि माझ्या मुलीस व नातीस दिवाळीच्या आधी निदान महिनाभर माझ्या घरी राहण्यास पाठवण्यात यावे. विहीणबाईंनी स्वतः बरोबर यावे, खोलीत अनवाणी फिरावे, पाहिजे तर एखादी फरशी उचलून खाली बघावे. गवंडी मी बोलावून देईन. आणि पाठवायचे नसेल, तर कारण काय ते स्पष्ट कळवावे, म्हणजे मी ते माझ्या पत्नीस सांगू शकेन. ती रोज विचारते, आणि तिला द्यायला माझ्याजवळ अद्याप उत्तर नाही. उत्तराची वाट पाहत आहे.